दोन ते तीनचा पहारा

अण्णा,

आज दुपारी दोनपासून तीनपर्यंत मी लालबागच्या आपल्या देवळात गळ्यात वीणा घेऊन उभी होते आणि एक क्षणही माझा डोळा लागला नाही. हे तुम्हांला सांगावे म्हणूनच पत्र लिहायला घेतले आहे. बाकीचे सारे या एका वाक्याच्या मागेपुढे येईल. ब्याऐंशीव्या वर्षी तासभर ताठ उभी राहिले, याची थोडी फुशारकी आज मी मारणार आहे. तुम्हांला फुशारकी खपत नसे. पण ही माझ्याकरिता नाही, तुमच्याकरिता आहे, तेव्हा ऐकून घ्या.

देवळामागच्या आपल्या दोन खोल्या आता राहिल्या नाहीत. तिथे मोटारी उभ्या असतात आणि वर मान दुखेपर्यंत मजलेच मजले. देऊळ मात्र आहे, आणि वीणा घेतलेल्याने ज्या खांबाला पाठ लावायची नाही असा दंडक होता तो सभामंडपातला खांबही आहे. तुम्ही त्या देवळाचे पुराणिक. चातुर्मासात रोज दुपारी पोथी सांगायची, एरवी चाळीतल्या मुलांना संस्कृत शिकवायचे, हा तुमचा क्रम. देह स्थूल, आणि वर्षागणिक अधिक स्थूल होत गेलेला. तुमच्या गळ्यातली तुळशीची माळ आई दर दोन-तीन वर्षांनी सोडून पुन्हा ओवी आणि दर वेळी चार मणी वाढवी. "मान आहे की देवळाचा खांब!" असे म्हणत ती दोऱ्याला गाठ मारी. वास्तविक तुम्ही एकभुक्त होतात. एकादशी, प्रदोष, संकष्टी, सारे पाळत होतात. पण पुराणिकबुवांचा उपास म्हटला की चाळीतल्या प्रत्येक घरातून साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी आणि तुपातला बटाटा येई, आणि कुणाचे मन मोडणे तुम्हांला कधी जमले नाही. लोक मात्र पोटाकडे पाहत आणि जे समजायचे ते समजत.

पोथी सांगता सांगता तुमचे डोळे मिटत. शब्द लांबत जाई, हनुवटी छातीवर टेके आणि देवळात शांतता पसरे. पहिल्या वर्षी श्रोत्यांना ती भावसमाधी वाटली. म्हाताऱ्या बायका हात जोडून बसून राहत. एकदा एकीने भक्तीने तुमच्या पायांवर डोके ठेवले, आणि नेमके त्याच वेळी तुम्ही घोरलात. मागे बसलेला गिरणीतला एक साचेवाला मालवणीत म्हणाला, "काय बुवानू, देव भेटलो काय? मगे आमचोय निरोप सांगा!" सारे देऊळ हसले. तुम्हीही हसलात, आणि सुटलेली ओवी शोधून पुढे वाचू लागलात. मी हसले नाही. मी पंधरा वर्षांची होते, तुम्ही शिकवलेले सारे संस्कृत मला मुखोद्गत होते, आणि ज्याला लोक हसतात त्याची मी मुलगी आहे याची मला लाज वाटत होती.

तुमचे घोरणे चाळीला माहीत होते, पण त्यातल्या एका गोष्टीने फक्त आई धास्तावे. घोरता घोरता तुम्ही मध्येच एकदम गप्प होत असा. श्वासच थांबे. मग गुदमरल्यासारखा मोठा हुंदका येई, अंग दचके आणि पुन्हा घोरणे सुरू होई. "घोरणं परवडलं गं," आई शेजारणीला सांगे, "मध्येच गप्प होतात ना, ते नको वाटतं. उठून बसते मी." पहाटे तुम्ही उठत असा तेच डोके धरून. सहाणेवर सुंठ उगाळून कपाळाला लेप लावायचा आणि मग संध्येला बसायचे, हे मी इतकी वर्षे पाहिले की सुंठेचा तो वास हा तुमच्या पूजेचाच एक भाग आहे असे मला वाटे. रात्रभर झोपलेला माणूस सकाळी इतका दमलेला कसा, हा प्रश्न आम्हां कुणालाही पडला नाही. झोपतो म्हणून आळशी, आणि आळशी म्हणून झोपतो. इतके सरळ उत्तर हाताशी असताना प्रश्न कोण विचारणार?

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली ती वर्षे. गिरण्यांच्या भिंतींवर गेरूने लिहिलेल्या घोषणा, रोज कुठे ना कुठे सभा. मोर्चातून आलेली माणसे पायांवर पाणी घेऊन तशीच भजनाला उभी राहत. त्या वर्षी देवळाच्या मंडळींनी मुंबईसह महाराष्ट्र व्हावा असा संकल्प सोडून अखंड नामसप्ताह मांडला. सात दिवस आणि सात रात्री नाम थांबायचे नाही आणि वीणा जमिनीला टेकायची नाही. ती एकाच्या गळ्यातून थेट दुसऱ्याच्या गळ्यात जायची. तासातासाचे पहारे खडूने पाटीवर लिहिलेले. सगळी व्यवस्था गिरणीच्या साचेखात्यातल्या जॉबरची, म्हणजे मुकादमाची, होती. त्यांना चाळ जॉबरमामा म्हणे. ते तुमच्याकडे आले तेव्हा मी ओट्याशी ताक घुसळत होते.

"दोन ते तीन तुमीच घेवा बुवानू. पयली पाळी गिरणीत, तिसरी पाळी झोपलेली. माणूस गावना नाय."

आईने माझ्याकडे पाहिले. तुम्ही म्हणालात, "घेतो. उभ्याने मला झोप येत नाही."

चौथा दिवस. मी सभामंडपात बायकांच्या बाजूला बसून तुळशीच्या मंजिऱ्या खुडते आहे. तुम्ही खांबापासून हातभर दूर उभे आहात. दंडक मोडत नाही. डाव्या हाताने वीणेचा दांडा धरला आहे, उजव्या हाताची बोटे तारेवर आहेत, ओठ हलताहेत. टाळ धरलेले दोघे म्हातारे तुमच्यामागून नाम घेताहेत. मग तारेचा ठेका चुकतो. बोटे थांबतात, गुडघा किंचित मुडपतो, तुम्ही सावरता. डोळे ताणून तुम्ही देवाच्या मूर्तीकडे पाहता. ती नजर मला अजून दिसते, अण्णा. बुडणारा माणूस काठाकडे पाहतो तशी. मग पुन्हा गुडघा मुडपतो, आणि या वेळी तुम्ही सावरत नाही. तुम्ही खाली बसता, मान पुढे झुकते, गळ्यातला पट्टा डोक्यावरून निसटतो आणि वीणेचा भोपळा फरशीवर आपटतो. आवाज मोठा नव्हता. पाटावर नारळ ठेवताना होतो तेवढाच. टाळकऱ्यांपैकी एकाने झेप घेऊन वीणा उचलली आणि गळ्यात घातली. नाम खंडले नाही. पण टेकायची नव्हती ती वीणा टेकली होती. बायकांतून कुणी तरी म्हणाले, "झालं! आता कसली मुंबई मिळते!"

जॉबरमामा पाळी सुटल्यावर आले. ते तुम्हांला एक शब्दही बोलले नाहीत. ओल्या हाताने त्यांनी पाटीवरची तुमची ओळ तेवढी पुसली. बोललेच असते तर बरे झाले असते.

बोलले मी. संध्याकाळी तुम्ही चुलीशी बसला होता, पुढ्यातले ताट तसेच होते. आई म्हणाली, "दोन घास खा, माणसाच्या हातून होतं कधी कधी." आणि मी उभ्याउभ्याच तमोगुणाची लक्षणे म्हणून दाखवली: प्रमाद, आलस्य, निद्रा. तुम्हीच मला पाठ करून घेतला होता तो श्लोक. त्याचा अन्वय केला, अर्थ सांगितला, आणि वर म्हणाले, "हे इतरांना सांगायचं आणि स्वतः व्यासपीठावर घोरायचं, याला काय म्हणतात?" तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. रागावला नाहीत. खरे तर तुमच्या चेहऱ्यावर, सांगायला संकोच वाटतो, पण थोडे समाधानच होते. "अर्थ अचूक लावलास," तुम्ही म्हणालात. "आता तुला शिकवायचं माझ्यापाशी फारसं काही उरलं नाही."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मंडळींसमोर उभे राहिलात आणि सांगितलेत की पुढच्या चातुर्मासापासून पोथी माझी लेक सांगेल. जॉबरमामा चमकले. "पोरगी? व्यासपीठावर?"

"तिला झोप येत नाही," तुम्ही म्हणालात.

त्यावर जे हसू उसळले त्यात माझे व्यासपीठ ठरून गेले. मी तुम्हांला कठोरपणाशिवाय काहीही दिले नव्हते आणि तुम्ही मला आपली जागा दिलीत. पुढे दादरच्या शाळेत मी तीस वर्षे संस्कृत शिकवले, प्रवचने केली, ज्याला लोक माझी विद्वत्ता म्हणतात ते सारे त्या एका वाक्यातून उगवले. तुम्ही मात्र त्यानंतर वीणेला हात लावला नाही. जेवण निम्मे केलेत, उपास दुप्पट केलेत. देह तसाच राहिला, झोप तशीच. मुंबई मिळाली त्या दिवशी जॉबरमामा पेढ्यांचा पुडा घेऊन धावत आले. "बुवा, मुंबय गावली! वीणा पडली तरी गावली! आता घेवा गळ्यात, एकदा तरी घेवा!" तुम्ही पेढा घेतलात, हसलात, आणि दोन्ही हात पाठीमागे नेलेत. दोन वर्षांनी तुम्ही झोपेत गेलात. पुण्यवान म्हणून झोपेत गेले, असे काही जण म्हणाले. झोपेनेच नेले, असेही काही जण कुजबुजले.

आता माझी गोष्ट ऐका. तीन वर्षांपूर्वी दादरला प्रवचन सांगताना माझे डोळे मिटले. किती वेळ ते ठाऊक नाही. उघडले तेव्हा समोरची मंडळी हात जोडून बसली होती. एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, "माई, आज तुमची समाधी पाहिली, धन्य झाले." देहाकडे पाहिले, तोही तुमचाच झाला होता. गळ्यातली माळ मीच दोनदा वाढवून ओवली होती आणि मला त्याचे भान नव्हते. तमोगुणाने पिढी ओलांडली असे मनाशी ठरवून मी तुमच्यासारखेच केले, उपास वाढवले. माझ्याजवळ राहणाऱ्या नातीला ते पटले नाही. तिने माझे घोरणे मोबाइलमध्ये टिपले आणि सकाळी चहाबरोबर ऐकवले. "आजी, ऐक. इथे तू श्वासच घेत नाहीयेस."

मी ऐकले, आणि कप खाली ठेवला. ते तुम्ही होता, अण्णा. तेच घोरणे, तीच शांतता, तोच हुंदका.

शीवच्या इस्पितळात एक तरुण डॉक्टरीणबाई आहेत. करी रोडच्या चाळीत वाढलेल्या, टेबलावर लहानशी बुद्धमूर्ती, बोलणे तडक. त्यांनी टेपने माझी मान मोजली आणि एका रात्रीकरिता अंगाला तारा लावून मला झोपवले. निकालाचे कागद पुढ्यात ठेवून त्यांनी जे सांगितले ते मी तुम्हांला तुमच्याच पद्धतीने, अर्थासह सांगते. झोपेत घशातले स्नायू सैल पडतात. मान, जीभ, घसा यांत मेद साठला असेल तर आधीच अरुंद झालेली श्वासाची वाट त्या सैलपणाने मिटते. श्वास थांबतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून देहाला जागे करतो, वाट उघडते, आणि पुन्हा तेच. रात्रभर. झोपणाऱ्याला यातले काही आठवत नाही. तो समजतो आपण झोपलो होतो. सकाळी डोके दुखते, दिवसा डोळे मिटतात. आणि यातली खरी मेख पुढे आहे. अशा अर्धवट झोपेने भूक चाळवते, हालचालीची उमेद जाते, वजन वाढते, आणि वाढलेले वजन झोप आणखी बिघडवते. एक दुसऱ्याला ओढते, दुसरे पहिल्याला. स्थूल असलेल्या प्रत्येकाला हे होतेच असे नाही, आणि सडपातळ माणसे यातून सुटतात असेही नाही. पण मेदाशी याची गाठ पक्की आहे.

मी म्हटले, "शास्त्रात याला तमोगुण म्हणतात."

"आजी, तमोगुण मला मोजता येत नाही," त्या म्हणाल्या. "ऑक्सिजन येतो. तुम्ही रात्रभर झोपलाच नाहीत, लढत होतात. उपास काय खाऊन करता?"

"साबुदाण्याची खिचडी."

"मग तो उपास नाही, जेवणावळ आहे. बंद करा."

मी तेव्हा तुमच्याविषयी सारे सांगितले: माळ, सुंठेचा लेप, आईचे उठून बसणे, खांब, वीणा. त्यांनी ते कागदावर टिपून घेतले. मग म्हणाल्या, "मी त्यांना तपासलेलं नाही, त्यामुळे छातीठोक सांगणार नाही. पण तुम्ही जे जे सांगितलंत ते सगळं एकाच दिशेला जातं. त्या काळी याला कुणी ओळखलंही नसतं. अशा अवस्थेत तो माणूस दुपारी दोन वाजता उभा राहायला तयार झाला?" आणि कागदावरून वर पाहत, "धाडसी होते."

धाडसी. ज्या माणसाला मी आळशी ठरवले त्याच्याविषयी साठाहून अधिक वर्षांनी निघालेला हा शब्द. इस्पितळाच्या त्या प्लास्टिकच्या खुर्चीत मी मोठ्याने हसले, आणि मला वाटते रडलेही. दर रात्री अनेकदा श्वास गमावून तो परत मिळवणारा माणूस पहाटे उठून स्नानसंध्या चुकवत नाही, याला तमस् म्हणायचे तर तप कशाला म्हणायचे? मी श्लोकाचा अर्थ अचूक लावला होता, अण्णा. तो लावला चुकीच्या माणसाला. शास्त्र खोटे नाही. आलस्य जगात आहे, पण ते तुमच्या घरी राहत नव्हते.

मग मी पथ्य धरले. रात्री नाकावर मुखवटा, त्यातून यंत्राची हवा घशाची वाट उघडी ठेवते. पहिले आठ दिवस मी त्याला शिव्या दिल्या. नवव्या दिवशी पहाटे उठले तेव्हा डोके हलके होते आणि खिडकीबाहेरचा कावळासुद्धा मला शहाणा वाटला. खिचडी सुटली, रोज दादरच्या समुद्रापर्यंत चालणे आले, देह हळूहळू उतरला. माळेतले सहा मणी मी काढले. ते एका डबीत ठेवले आहेत.

या वर्षी देवळात पुन्हा सप्ताह बसला आहे. आता व्यवस्था जॉबरमामांचा नातू पाहतो; आजोबांसारखाच आवाज, आणि पोट तुमच्यासारखे. मी त्याला म्हटले, "दोन ते तीन मला हवे."

"माई, तुम्ही? त्या वेळेला माणूस मिळत नाही हे खरं, पण तुमचं वय..."

"त्या वेळेला माझ्या वडिलांच्या हातून वीणा पडली होती."

त्याने मान खाली घातली. ती कथा त्यालाही ठाऊक होती. त्यांच्या घरात ती तीन पिढ्या हसत हसत सांगितली जात होती. म्हणून पहाऱ्याला उभी राहण्याआधी मी सभामंडपात सर्वांना ती पुन्हा सांगितली, या वेळी कारणासह. पुराणिकबुवा झोपाळू नव्हते, आजारी होते, आणि आजाराला नाव नसताना त्यांनी पहारा घेतला, असे मी व्यासपीठावरून बोलले. मग नातू डोके खाजवत म्हणाला, "माई, मी पण घोरतो हो. बायको म्हणते, गिरणीचा भोंगा परत चालू झाला." सारे हसले. मी हसले नाही, त्याच्या बायकोला जवळ बोलावून विचारले, "मध्येच गप्प होतो का?" तिचे हसू मावळले. "होतात. मी हलवून जागं करते." येत्या सोमवारी तो शीवला जाणार आहे. वेळ मीच घेऊन दिली.

दोन वाजता वीणा माझ्या गळ्यात आली. खांबापासून हातभर दूर उभी राहिले. अडीचच्या सुमारास पाय भरून आले, पण डोळे मिटले नाहीत. मूर्तीकडे पाहिले, आणि ती मला काठासारखी दिसली नाही, घरच्या माणसासारखी दिसली. तीनला वीणा जॉबरमामांच्या नातवाच्या गळ्यात घातली तेव्हा तो हलकेच म्हणाला, "बुवांचा पहारा पुरा झाला, माई." पाटीवर त्याने खडूने माझे नाव लिहिले नव्हते. लिहिले होते: दोन ते तीन, पुराणिकबुवा. ते मी पुसू दिले नाही.

हे पत्र तुमच्या पोथीच्या बासनात बांधून ठेवणार आहे. दुसरीकडे कुठे धाडायचे ते मला ठाऊक नाही, आणि तुम्ही शिकवलेल्या परलोकाच्या वर्णनांत टपालाची सोय कुठे सांगितलेली नाही. मात्र बासन बांधण्याआधी एक सांगायचे राहिले. नातीने मोबाइलमध्ये टिपलेले ते घोरणे मी पुसून टाकले, असे मी तिला सांगितले आहे. पुसलेले नाही. तुमचा फोटो एकच आहे, तोही पुसट. आवाज तर कुठेच राहिला नाही. म्हणून कधी दुपारी घरात कुणी नसताना मी ते लावते. आधी घोरणे येते, मग ती शांतता. त्या शांततेत आई उठून बसे, तशी मीही उठून बसते, आणि तुमचा श्वास परत आला की मग मोबाइल बंद करते.